बेळे, बेले आणि पट्टी : सीमाभागात नव्याने शेती हातात घेतलेल्यांसाठी

कन्नडमध्ये पिकाला ‘बेळे’ म्हणतात आणि दराला ‘बेले’. फरक एका ळचा. आपल्या मराठी कानाला तो लगेच कळतो. पण सहा वर्षांपूर्वी मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो तेव्हा मला बेळेतलं थोडंफार कळत होतं, बेलेतलं शून्य. आप्पांनी मागे ठेवलेली दोन एकर दहा गुंठे, तीही तीन तुकड्यांत. मार्कंडेय नदीच्या बाजूला भात, वरच्या तांबड्या मातीत बटाटा आणि रताळी, कडेला थोडा ऊस. पेरायचं कसं ते सांगायला अख्खी गल्ली होती. विकायचं कसं ते विचारलं की सगळे एकच सांगायचे, ‘घाल की दलालाकडे’.

मुंबई-पुण्याहून परत आलेले, किंवा घरातला कर्ता माणूस गेल्यामुळे शेती अचानक अंगावर पडलेले पुष्कळ जण हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात भेटतात. त्यांना मी जे तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सीमेवर असल्यामुळे आपल्याला बेळगाव, कोल्हापूर-सांगली आणि गोवा असे तीन बाजार जवळ आहेत. आपला माल सीमा ओलांडतो. आपले कागद ओलांडत नाहीत. हमीभाव, पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई हे सगळं ज्या राज्यात जमीन आहे त्याच राज्यातून मिळतं, आणि आपली जमीन कर्नाटकात आहे. त्यामुळे बाजाराची तयारी रोहिणीच्या आधी सुरू होते, सुगीत नव्हे.

पहिलं काम : पहाणी कोणाच्या नावावर आहे

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या तोंडी सातबारा असतो, आपल्याकडे आरटीसी म्हणजे पहाणी. भूमी या सरकारी संगणक प्रणालीतून ती निघते आणि ती कन्नडमध्ये असते. क्षेत्र एकर-गुंठ्यात, ४० गुंठ्यांचा एकर. नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, किंवा ऑनलाइन प्रत मिळते. ती घ्या आणि कन्नड वाचता येणाऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून ओळ न ओळ वाचून घ्या.

बहुतेक घरांत पहिला धक्का इथेच बसतो. पहाणी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, आणि वाटण्या नुसत्या तोंडी. वारसांची नावं लावून घेण्याला आपल्याकडे ‘पौती खाते’ म्हणतात. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांची आधार कार्डं घेऊन नाडकचेरीत अर्ज करायचा. चुलत्यांशी बोलणं नसेल तर ते आधी सुरू करा, हे मी गमतीने म्हणत नाही. दुसरी अडचण स्पेलिंगची. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं आणि पहाणीवर आडनावच नाही, असं हमखास सापडतं. या तीन ठिकाणची नावं जुळत नसतील तर पुढे हमीभावाचे पैसे अडकतात, आणि ते अडकलेत हे तुम्हाला दोन महिन्यांनी कळतं.

एफआयडी आणि पिकाची नोंद

पहाणी सरळ झाली की रैत संपर्क केंद्रात जायचं. हे कृषी खात्याचं होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, पातळीवरचं कार्यालय. तिथे फ्रूट्स नावाच्या प्रणालीत नोंद करून एक क्रमांक मिळतो, त्याला सगळे ‘एफआयडी’ म्हणतात. आधार, बँक पासबुक आणि सगळ्या पहाण्या घेऊन जा. ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माझे तीन सर्व्हे नंबर होते आणि नोंदवले गेले दोनच, कारण तिसऱ्याची प्रत घरी राहिली होती. सरकारी खरेदीत एकरामागे किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा असते आणि ते एकर एफआयडीवरून मोजतात. जो तुकडा तिथे नाही, त्यातलं पीकही सरकारच्या लेखी नाही.

त्यानंतर ‘बेळे समीक्षे’, म्हणजे पीक पाहणी. हंगामात शेताच्या बांधावर उभं राहून मोबाईल अॅपवर पिकाचा फोटो घालायचा असतो. स्वतः करता येतं, नाहीतर गावात त्यासाठी नेमलेला मुलगा येऊन करतो. तो कधीकधी घाईत शेजारच्या शेताचं पीक तुमच्या नावावर चढवतो. सोयाबीन पेरून नोंद मक्याची झाली तर खरेदी केंद्रावर सोयाबीन कोणी घेणार नाही. नोंद झाल्यावर एकदा उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

कागदावरची भाषा

भाषेचा प्रश्न सीमाभागात काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. पण बाजारात उभं राहायचं तर वीस-पंचवीस कन्नड शब्द यायलाच हवेत, त्यात कमीपणा नाही. बेळे-बेले सांगितलंच. हमीभाव म्हणजे ‘बेंबल बेले’. वजन म्हणजे ‘तूक’. रक्कम म्हणजे ‘मोत्त’. ‘हेसरू’ म्हणजे नाव, ‘तंदे’ म्हणजे वडील, ‘गंड’ म्हणजे नवरा. शेतकरी ‘रैत’, आठवडी बाजार ‘संते’.

आणि ‘साल’. पहिल्या वर्षी सोसायटीत पीककर्जाचा अर्ज भरताना कन्नड अक्षरं लावत लावत ‘साल’पर्यंत आलो आणि ऐटीत २०१९-२० लिहिलं. पुढे ‘मोत्त’ होतं, ते रिकामं ठेवलं. सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘अहो, साल म्हणजे कर्ज की!’ बेळे साल म्हणजे पीककर्ज. तेव्हापासून गावात मला काही जण ‘सालवाला’ म्हणतात, असो.

ही सोसायटी म्हणजे प्राथमिक कृषी पत्तीन संघ, सगळ्यांच्या तोंडी पीकेपीएस. तिचं सभासदत्व लवकर घ्या. कर्नाटकात सहकारी सोसायटीमार्फत पाच लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज, वेळेत फेडल्यास, बिनव्याजी मिळतं. विक्रीच्या लेखात कर्ज कशाला, असं वाटेल. ज्याने अडत्याकडून, म्हणजे बाजारातल्या दलालाकडून, बियाण्यासाठी उचल घेतली, त्याचा माल त्याच अडत्याच्या दारात जातो आणि दर तोच सांगतो. जालंधरहून आलेल्या बटाट्याच्या बियाण्याची पोती उधारीवर घेतली की सौदा जूनमध्येच ठरलेला असतो. नोव्हेंबरचा लिलाव नुसता देखावा.

कुठला माल कुठे

इथे सरसकट उत्तर नाही. माल बघून बाजार ठरतो.

रताळी आणि बटाटा यांचं ठिकाण बेळगावचं एपीएमसी यार्ड. रताळ्याला उत्तरेकडून मोठी मागणी असते, नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या उपवासांच्या आसपास ती वाढते, आणि बाहेरचे खरेदीदार इथेच माल भरतात. दोन-चार पोत्यांसाठी दूरच्या शहरात जाण्याचा विचारही करू नका. फक्त सण साधायचा तर काढणी सणाच्या किमान आठवडाभर आधी हवी, कारण इथून गेलेला माल तिकडे पोहोचायला दिवस लागतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी यार्डात गाडी लावणारा दर वर्षी कोणी ना कोणी असतोच. एका वर्षी तो मी होतो.

भाजीपाला बेळगावातून रोज घाट उतरून गोव्यात जातो. गोव्याचं सरकारी फलोत्पादन महामंडळही या भागातला भाजीपाला घेतं. कोबी, फ्लॉवर, वांगी, मिरची असा माल असेल तर तुमचा खरा गिऱ्हाईक गोवा आहे, आणि गोव्यात सणासुदीला किंवा पर्यटनाच्या हंगामात काय चाललंय ते इथल्या दरात दिसतं. थोडका, निवडक माल असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार काहींना जमतो. पण पहाटे दोनला उठून घाट उतरायची तयारी हवी आणि गाडीभाड्यात किमान तिघांचा माल एकत्र हवा.

हळद रायबाग, चिकोडी, मुडलगी भागातून सांगलीला जाते, बेदाणा अथणीकडून तासगाव-सांगलीला. हळदीचे सौदे जिथे पूर्वापार चालतात तिथे दहा खरेदीदार बोली लावतात, गावात येणारा व्यापारी एकटा असतो. सांगलीला जाताना हळकुंड आणि गड्डा वेगळे करून, पॉलिश करून, नीट वाळवून न्या. मिसळलेल्या मालाला गड्ड्याचा दर लागतो. संकेश्वरी मिरचीवाले गडहिंग्लजला जातात. गुऱ्हाळ असेल तर कोल्हापूर, मात्र कर्नाटकातल्या गुळावर ‘कोल्हापुरी’ शिक्का मारण्यावरून तिथे वारंवार वाद होतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. आपला गूळ आपल्या नावाने विका.

निपाणीचा तंबाखू हे वेगळंच प्रकरण आहे. म्हैसूरकडच्या व्हर्जिनिया तंबाखूचे लिलाव तंबाखू मंडळ करतं. आपला विडीचा तंबाखू त्या व्यवस्थेत येत नाही, तो वखारवाल्या खाजगी व्यापाऱ्यांना विकावा लागतो. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत हजारो शेतकरी रस्त्यावर बसले ते याच दरासाठी, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही गेले. जुन्या माणसांना अजून ती जागा दाखवता येते. नव्याने शेती करणाऱ्याला मी तंबाखू सुचवणार नाही. केलाच तर वखारीत माल टाकण्याआधी दर आणि पैशांची तारीख लिहून घ्या.

दुधाचंही सीमेसारखंच. कर्नाटक सरकार लिटरमागे पाच रुपये प्रोत्साहन देतं, पण ते नंदिनीच्या, म्हणजे इथल्या सहकारी संघाच्या सोसायटीत दूध घातलं तरच. पलीकडे गोकुळला घातलं तर फॅटचा दर मिळेल, हे पाच रुपये नाहीत. कोणतं परवडतं ते म्हशीच्या फॅटवर ठरतं. महिनाभर दोन्हीचा हिशोब मांडून बघा, गावातल्या पारावरच्या मतावर जाऊ नका.

बाजाराचा दिवस : गेटपासून पट्टीपर्यंत

पहिल्या वर्षीची एक पट्टी मी वहीत चिकटवून ठेवली आहे. पट्टी म्हणजे अडत्या माल विकल्यावर देतो तो हिशोबाचा कागद. कोणत्या यार्डातली, कोणाची, ते सोडून द्या. १४ पोती रताळी. घरी मी प्रत्येक पोतं, बारदान वगळून, ५० किलोचं भरलेलं, म्हणजे ७०० किलो. पट्टीवर वजन ६७२ किलो. दर क्विंटलला १,६०० रुपये, म्हणून १०,७५२. त्यातून हमाली-तोलाई १६८, गाडीभाडं ४२०, आणि ‘इतर’ १,०७५. हातात ९,०८९.

मी घरी येऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पोत्यामागे दोन किलो ‘सूट’ गेलेली, ते २८ किलो म्हणजे ४४८ रुपये. आणि ‘इतर’ हे बरोबर दहा टक्के. म्हणजे ती अडत, अडत्याची दलाली, होती, फक्त नाव बदललेलं. कर्नाटकात अडत खरेदीदाराकडून घ्यायची असते, शेतकऱ्याकडून नव्हे. बाजार फीसुद्धा खरेदीदाराची. महाराष्ट्रातही २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घेता येत नाही, तेव्हा पलीकडे गेलात तरी हेच लक्षात ठेवा. दोन्ही मिळून माझे १,५२३ रुपये गेले होते आणि मी अडत्याला ‘येतो’ म्हणून नमस्कार करून आलो होतो.

आता मी काय करतो ते सांगतो.

माल घरीच निवडतो. बेळगावच्या यार्डात बटाटा-कांद्याच्या प्रती गोळी, मध्यम, मोठवड, गोळा अशा चालतात, गोळी सगळ्यात बारीक. एका पोत्यात गोळीपासून गोळ्यापर्यंत सगळं असेल तर खरेदीदार हात घालून खालचं वर काढतो आणि सगळ्याला बारकाचा दर लावतो. कापलेलं, हिरवं पडलेलं घरीच ठेवा. वर चांगलं आणि खाली बारीक भरणाऱ्याचं नाव वर्षभर लक्षात राहतं, आणि त्याच्या शेजारच्या गाववाल्यालाही ते भोगावं लागतं.

प्रत्येक पोतं घरच्या काट्यावर तोलून मार्करने वजन लिहितो. साधा इलेक्ट्रॉनिक काटा आम्ही चौघांनी मिळून घेतलाय. पोत्यावर आकडा दिसला की तोलाईदाराचा हात सरळ चालतो, हा अनुभव आहे.

बाजाराच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोन फोन करतो, एक आपल्या अडत्याला आणि एक दुसऱ्याच कोणाला. दर विचारताना एकक विचारायला विसरू नका. कांदा-बटाटा क्विंटलवर बोलतात, भाजीपाला दहा किलोवर, पालेभाजी शेकडा पेंड्यांवर. ‘दोनशे चाललंय’ ऐकून आमच्या एका शेजाऱ्याने वांगी किलोवर धरली होती. सरकारी अॅग्मार्कनेट आणि ई-नाम अॅपवरही दर दिसतात. ते कालचे असतात, पण फोनवरचा माणूस किती खोटं बोलतोय ते तपासायला पुरतात.

गेटवर आवक नोंदवून पावती घ्यायची, त्यावर शेतकऱ्याचं नाव, माल आणि पोती असतात. धान्य-कडधान्यांत ऑनलाइन बोली असते. देशभरचं ई-नाम १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालं, पण कर्नाटकाने त्याआधीच, २०१४ पासून, आपल्या बाजारांना एका संगणकीय व्यासपीठावर आणायला सुरुवात केली होती. तिथे तुमच्या ढिगाला लॉट नंबर मिळतो, खरेदीदार त्या नंबरावर बोली टाकतात आणि सर्वांत वरची बोली तुम्हाला कळवतात. ती पटली नाही तर नाकारता येते. हा हक्क पुष्कळांना ठाऊकच नाही. भाजी आणि रताळ्यात अजून उघडा लिलाव चालतो. तिथे पोत्याजवळ उभं राहा. चहाला जाऊ नका. बोली चालू असताना चहाचं आमंत्रण का येतं, याचा विचार करा.

वजन झाल्यावर काट्याच्या आकड्याचा फोटो घ्या. हमाली-तोलाईचे दर बाजार समिती ठरवते आणि फलकावर लावते, त्याचाही एक फोटो मोबाईलमध्ये कायमचा असू द्या. पट्टी पक्की, छापील, अडत्याच्या परवाना क्रमांकाची घ्या. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला हिशोब घेऊन समितीच्या सचिवाकडे गेलात तर तो काहीच करू शकत नाही. ‘इतर’ असं काही दिसलं तर तिथेच, आवाज न चढवता, ‘हे इतर म्हणजे काय ते लिहून द्या’ म्हणायचं. लिहून कोणी देत नाही. मला पुढच्याच पट्टीपासून ती ओळ दिसली नाही. सूट मात्र दोनवरून एक किलोवर आली, पूर्ण गेलेली नाही. तेवढं अजून चालू आहे.

हमीभाव कोणासाठी कामाचा

बेळगाव तालुक्यातल्या बासमती, इंद्रायणी भातवाल्यांनी हमीभावाकडे फारसं बघू नये. साध्या भाताचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलमागे २,३६९ रुपये होता, बारीक सुवासिक भाताला खुल्या बाजारात सहसा जास्त मिळतो. सोयाबीन, मका, तूर, हरभरा, मसूर करणाऱ्यांना मात्र तो कामाचा. त्याच हंगामात सोयाबीनचा ५,३२८, मक्याचा २,४००, तुरीचा ८,००० होता. रब्बीत २०२६-२७ च्या पणन हंगामासाठी हरभरा ५,८७५ आणि मसूर ७,०००.

जाहीर झाला म्हणजे मिळाला असं नाही. केंद्र उघडावं लागतं, नोंदणीची मुदत असते, आणि ती बहुधा काढणीच्या ऐन धांदलीत येते. नोंदणी एफआयडीवर होते. म्हणून वर कागदांचा एवढा घोळ घातला. दुसरी अडचण ओलाव्याची. सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे परतीच्या पावसात मळणी केलेलं सोयाबीन त्याच्या बरंच वर असतं. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर ठीक, चेपला तर अजून दोन उन्हं द्या. सोसायटीत ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आधी तिथे मूठभर नेऊन बघा, गाडी भरून परत आणणं महागात पडतं. आणि पैसे खात्यात यायला वेळ लागतो. दिवाळीच्या खर्चासाठी लागणारा माल बाजारात घाला, बाकीचा हमीभावाला. सगळा एकीकडे ठेवू नका.

ऊस

उसाला बाजार समिती नाही, लिलाव नाही. म्हणून नव्या माणसाला तो सोपा वाटतो. लावा, नोंद करा, कारखाना नेईल. खरा खेळ त्यानंतर आहे.

केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायची किमान किंमत, ठरवतं. ती उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, असते. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० जास्त. कारखान्याचा उतारा ११.२५ असेल तर एफआरपी ३,८९६. पण ही कारखान्याच्या दारातली किंमत आहे, तोडणी-वाहतूक त्यातून जाते. ती टनाला समजा ८५० धरली तर हातात ३,०४६. म्हणून दोन कारखान्यांची तुलना करताना जाहीर दर विचारू नका. ‘तोडणी-वाहतूक वजा जाऊन गेल्या वर्षी खात्यात किती आले’ असं शेजाऱ्याला विचारा, आणि शक्य तर त्याचं बिलच बघा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले ते टनाला ३,५०० च्या मागणीसाठी, आणि तोडगा ३,३०० वर निघाला. तेव्हाही सगळा वाद कोणता आकडा कशातून वजा करायचा याचाच होता.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याज आपणहून देणारा कारखाना मी पाहिलेला नाही. पण वजनाची प्रत्येक पावती जपून ठेवलीत तरच ते मागता येतं.

तोडीची पाळी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात असते. लागणीची तारीख नोंदवलीत त्याची पावती घ्या, पुढे पाळीवरून भांडण झालं की तेवढाच आधार. टोळीला ‘खुशाली’ आणि ड्रायव्हरला ‘एंट्री’ द्यावी लागते, हे कुठल्याही दरपत्रकात नसतं. ऊस वाळायला लागला की माणूस देतोच, मीही दिलेत. कमी द्यायचे असतील तर शेजारच्या पाच-सहा फडांनी मिळून एकच रक्कम ठरवा.

पलीकडच्या कारखान्याला ऊस देण्याचा मोह होतो, कोल्हापूर भागात उतारा चांगला असतो. द्या, पण एक लक्षात असू द्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली आणि काही दिवसांत मागे घेतली. ती बंदी तिकडच्या उसावर होती, पण एका आदेशाने सीमा कशी बंद होते ते सगळ्यांना दिसलं. निम्मा ऊस इकडच्या कारखान्याला नोंदवलेला असू द्या.

थांबायचं असेल तर

सुगीत दर पडतात आणि दोन-तीन महिन्यांनी चढतात, निदान धान्य-कडधान्यांत. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, तिच्यावर बँक कर्ज देते. घरखर्च चालतो आणि माल आपलाच राहतो. दहा पोत्यांसाठी एकट्याने हे परवडत नाही.

तिथे शेतकरी उत्पादक कंपनी कामाला येते. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना आणली. सपाट भागात किमान ३०० सभासद, कंपनीच्या कारभारासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत, आणि सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत भागभांडवल अनुदान. तुमच्या होबळीत कंपनी आहे का ते रैत संपर्क केंद्रात विचारा. सभासद होण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी कंपनीने सभासदांचा माल स्वतः विकला का? किती? हिशोब दाखवाल का? खतांचं दुकान चालवणं एवढाच धंदा असेल तर खत तिथून घ्या, भागभांडवलाची घाई नको.

दिल्लीच्या बातम्या

शेवटची सवय. पिकाचे दर पडण्याचं कारण पुष्कळदा आपल्या यार्डात नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये उघडली पण ४० टक्के शुल्कासह, ते पुढे २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. या दीड वर्षात कांदा लावलेल्यांनी आपल्या अडत्याला जेवढ्या शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या दिल्लीला द्यायला हव्या होत्या. सोयाबीनचा दर खाद्यतेलाच्या आयात शुल्काला बांधलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्के झालं, मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. अशी बातमी आली की त्या आठवड्यात विकायचं की थांबायचं ते ठरवता येतं, निदान कोणावर चिडायचं ते कळतं.

अडलात तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ फुकट आहे. फोन उचलणारा कन्नडमध्ये बोलायला लागला तर हिंदी किंवा मराठीत बोलणारा मागून बघा, किंवा ‘बेंबल बेले’ एवढे दोनच शब्द उच्चारा, पुढचं तो विचारतो. आणि यंदाची पहाणी अजून काढली नसेल तर नाडकचेरीत सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. मंगळवारी सकाळी बरं.